जोडीतली एक खुर्ची

श्रीगोंदा, मंगळवार, दिवेलागण

खुर्ची झाली एकदाची. चार दिवस पॉलिश पेपर घासला, मग निळा रंग. सागवानी आहे, टिचकी मारली तेव्हाच कानाला कळलं होतं. जुन्या सामानाचा दुकानदार म्हणाला, "शेठ, जोडी हाय, फोडू नका." मी म्हणालो, "मला एकट्याला दोन बुडं हायेत व्हय?" तो हसला आणि एकच दिली.

आज शेजारच्या गल्लीतले शेखभाई बघायला आले. आमच्या हिच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच. खुर्चीवर हात फिरवून म्हणाले, "लई झ्याक." पण घरात बसायला तेवढी एकच, सोफा मी कधीच विकून टाकला. "बसा," म्हणालो. "तुमची खुर्ची, तुमी बसा," म्हणाले. मग दोघंही उभेच. चहाचं विचारायचंही राहिलं. जरा वेळानं "येतो" म्हणून निघाले.

मी सरळ फरशीवर मांडी घातली असती, तर तेही बसले असते. माणसं ओळखून धंदा उभा केला मी, आणि एवढं सुचू नये? सुचलं तेव्हा त्यांच्या चपला गल्लीच्या टोकाला वाजत होत्या. हाक ऐकू गेली असती. मारली नाही.