इचारून नेली नाय

४ जानेवारी १९८७, रविवार
बक्षीस वाटायला बोलावलंय मला! प्रजासत्ताकदिनी पालघर ते बोईसर सायकल शर्यत. मंडळाचा चिटणीस दिनानाथ सकाळी आला — माझाच विद्यार्थी, नववीत तीन वर्षं काढली. "बाई, तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं." त्याच्याच पत्रकावर छापलंय: हौशी महिला गट, वयाची अट नाही. म्हटलं, मग अर्ज दे. तो हसला. मी हसत नाहीये हे जरा उशिरा लक्षात आलं त्याच्या.
भरला अर्ज. वय एकसष्ट. व्यवसाय — निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त म्हणजे खुर्चीत मांडून ठेवायची वस्तू नव्हे.

७ जानेवारी
पडवीतली सायकल दुरुस्त करून आणली. स्टेशनपर्यंत गेले तर छातीचा भाता झाला. येताना हातात धरूनच आणली. कामाला येणारी राहीबाई ओट्यावरून बघत होती. "बाई, तुमी सायकलीवर बसनार का सायकल तुमच्यावर?"


१२ जानेवारी
शिरगावच्या रस्त्याला तीन किलोमीटर. दोनदा उतरले. शाळेत असताना मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे आणि स्वतः सावलीत उभी राहायचे. ती सावली आता गुडघ्यांत उतरलीय.

१५ जानेवारी
दिनानाथ तिळगूळ घेऊन आला, नावांची यादी दाखवली. पाच बायका. चौथं नाव — नवसी जिवल्या वरठा.
तीच. १९७३, आठवी ब, आमच्याच वसतिगृहातली. एका शनिवारी शाळेची सायकल गायब झाली, सोमवारी सकाळी धुळीने माखून परत आली. हिने मासवणला घरी नेली होती. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभी करून जाब विचारला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "इचारून नेली नाय." न विचारता नेली, आणि वर तोंड करून सांगतेय! आंतरशालेय शर्यतीतून तिचं नाव कापलं. दुसऱ्या दिवशी बाप आला, तिची ट्रंक डोक्यावर घेऊन चालू लागला. ती परत शाळेत आली नाही.
मी चुकले नाही. आम्हाला कॉन्व्हेंटात याहून लहान गोष्टींसाठी सिस्टरनी गुडघ्यांवर बसवलंय.
मग हे इतकं सविस्तर का लिहितेय?

१६ जानेवारी
चौकशी केली. नवसी बोईसरला औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरते. दर रविवारी सायकलने मासवणला, बापाकडे. हुशार होती. गणित तर —
जाऊ दे. शर्यत पुरी करायची, तिच्यासमोर ताठ उभं राहायचं. तिने माफी मागितली तर मोठ्या मनाने देईन.

२० जानेवारी
राहीबाई म्हणाली, "चाय ठेवली नाय." मी वाट बघत बसले, शेवटी चिडले. चहा टेबलावरच होता, साय धरलेला. "बोलले तं मी. ठेवली, नाय?" तीस वर्षं इथे काढली, पण 'ना' आणि 'नाही' यांतला फरक या लोकांना शिकवता आला नाही.

२५ जानेवारी
उद्या शर्यत, आणि मला चक्क भीती वाटतेय. परीक्षेला बसणाऱ्या मुलींना सांगायचे, त्यात घाबरायचं काय? किती मूर्ख सल्ला.

२६ जानेवारी
नऊवारी नाही, पाचवारीच, चार पिना लावून. सुरुवातीलाच नवसी दिसली. अठ्ठावीसची असेल, पोटऱ्या दगडासारख्या. "बाई, तुमी?" एवढंच म्हणाली. शिट्टी वाजली आणि गेलीच.
पहिल्या किलोमीटरला चौघीही दिसेनाशा झाल्या. उमरोळीच्या अलीकडे साखळी पडली. बसवली, हात काळे झाले. पुढे एक ट्रकवाला ओरडला, "माताजी, मंदिर उस तरफ है!" त्याला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत उत्तर दिलं. दम असता तर अजून दिलं असतं.
उमरोळीच्या पुढे समोरून नवसी येताना दिसली. शर्यत जिंकून, बक्षिसाचा डबा कॅरियरला बांधून बापाला दाखवायला निघालेली. मला पाहून सायकल वळवली.
"बसा मागं. डबा हातात घ्या."
"मी शर्यतीत आहे."
"हां," ती म्हणाली आणि माझ्या बाजूने हळूहळू चालवू लागली. मला लाज वाटायला हवी होती, बरंच वाटलं. मीच विषय काढला. म्हटलं, तेव्हा तूच कबूल केलंस ना, न विचारता नेली म्हणून?
"मी काय बोलले?"
"'इचारून नेली नाय.'"
तिने ब्रेक दाबला. मग हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तेच्यावरून? अवो बाई, इचारून नेली, नाय? तसं बोलले मी."
राहीबाईचा चहा आठवला.
"कोणाला विचारलं होतंस?"
तिने पुन्हा पायडलवर पाय ठेवला. "ऱ्हाऊ द्या आता. पायडल मारा, चढ हाय."
बोईसरला पोचलो तेव्हा मांडव सोडत होते. दिनानाथने एकट्याने टाळ्या वाजवल्या.

२८ जानेवारी
उठवत नाही. ती माफी मागेल म्हणून गेले होते मी.

३१ जानेवारी
ट्रंकेतून १९७३ची रोजनिशी काढली. १७ नोव्हेंबर, शनिवार: 'सहामाहीचे पेपर संपता संपत नाहीत. मधेच वसतिगृहातली कोणी मुलगी सायकल मागायला आली. मान वर न करता म्हटलं — हो, ने, आणि दार लाव.'
अक्षर माझंच. 'ने' स्वच्छ वाचता येतं.