लाल गाडीबद्दल, तोंडावर न सांगितलेलं

अगं,

तुझा आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे. मी धाकटीचा डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये जातोय. तू दुपारी ये.

एक गोष्ट तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. ती जुनी इटालियन गाडी घेण्याआधी मी मेकॅनिकला दाखवली होती. तो म्हणाला, "दादा, वरून नवरी आहे, पण ब्रेकचे पाइप गंजलेत. हिचे पार्ट सहा-सहा महिने मिळत नाहीत. एवढ्या स्वस्तात उगाच देत नाहीये तो विकणारा." तरी घेतली. तो लाल रंग, ते गोल दिवे! जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या. वाटलं, अशी एक आपल्याही दारात असावी. तुला मात्र सांगितलं, सगळं तपासून घेतलंय.

परवा धाकटी चालवत असताना उतारावर ब्रेक लागलाच नाही. पोरीचा पाय प्लास्टरमध्ये, आणि वर तीच म्हणतेय, "बाबा, माझंच चुकलं. मी घाबरले." मी गप्प बसलो.

आज तिला खरं सांगणार आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, तर तू मध्ये पडू नकोस.