वरच्या खोलीत जागा

धाकटे,

पाणी संध्याकाळपर्यंत गल्लीत शिरेल, असं पालिकेची माणसं सांगून गेली. मी वाळूच्या पोत्यांसाठी कोपऱ्यावर रांगेत आहे. गॅस आणि खालचा मेन स्विच बंद केलाय, चालू करू नकोस. माझी औषधं, तांदूळ आणि अंथरूण तुझ्या जिन्यावर ठेवलंय.

कपाट यंदा खालीच भिजू दे. आपले नवरे होते तेव्हा दोघे भाऊ एकमेकांना शिव्या घालत का होईना, ते वर चढवायचे. मग चौघं एका स्टोव्हभोवती चहा घ्यायचो, आणि रात्रभर भावजींचं घोरणं ऐकून आपण दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो.

गेल्या पुरानंतर तू म्हणालीस, "दरवर्षी हिचा पसारा माझ्या खोलीत." तेव्हापासून मी जिना चढले नाही. आता भांडायचं त्राण उरलेलं नाही. शाळेत सोय केली आहे म्हणतात, पण एवढं चालणं आणि फरशीवर झोपणं माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही.

मी वर येऊ का? चालणार असेल तर दार नुसतं लोटून ठेव. म्हणजे दोघींनाही तोंडाने काही बोलावं लागणार नाही.

तुझी थोरली जाऊ