विहिरीच्या कठड्याचा एक थर

ता. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याचं दुखणं तू एका ओळीत उरकलंस, म्हणजे चांगलंच दुखत असणार. डॉक्टरकडे जा, नाहीतर मी येऊन नेईन.

आता माझं दुखणं. तुझ्या घरामागे, नदी आणि पाणथळीच्या मधल्या पट्ट्यात आमच्या कंपनीची खडीची खाण ठरते आहे, आणि आराखडा काढलाय तुझ्या लाडक्या भाचीने. शिव्या घालण्याआधी पुढचं वाच. खड्डा पाण्याच्या पातळीखाली जाणार, म्हणून पंप लावून तो सतत कोरडा ठेवायचा. साहेब म्हणतात, पाणथळीखाली चिकणमाती आहे, त्यामुळे पाणथळ नुसत्या पावसाने भरते, शेजारी कितीही उपसा केला तरी तिला फरक पडणार नाही.

मला ते पटत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या लव्हाळ्यात घोटाभर पाण्यात उभी राहून मी गोटे वेचले आहेत. तेव्हा कुठला पाऊस होता? पण आठवणीवरून कुणी आराखडा बदलत नाही, आणि आमची मोजमापं सगळी पावसाळ्यातली. कोरड्या दिवसांची नोंद फक्त तुझ्या विहिरीच्या वह्यांत आहे. त्या पाठवशील? अठ्ठावीसला आराखडा पाणी खात्यापुढे जाईल, आणि त्यावर सही माझी असेल.

तुझी,
गारगोटी

ता. १५ फेब्रुवारी

चि. गारगोटीस,
अ. उ. आ.

शिव्या राखून ठेवल्या आहेत, समोर आलीस की देईन. लहानपणी फ्रॉकच्या खिशातून घरभर गोटे सांडायचीस, आता पगार घेऊन तेच करतेस.

तिन्ही वह्या पाठवते आहे. शाळेतल्या मुलांना निरीक्षण शिकवायला सुरू केलं, मुलं शिकून गेली, मला सवय लागली. बावीस वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही. हाताहातावर गाठी मारलेली दोरी कठड्यावरून सोडायची आणि पाण्यापर्यंतच्या गाठी मोजायच्या, एवढंच. चौदा वर्षांपूर्वीचं पान नीट बघ. पुलाच्या पायासाठी ठेकेदाराने भर उन्हाळ्यात सहा आठवडे पंप चालवले होते. विहिरीचं पाणी आठ हातांवरून बारावर गेलं आणि पाणथळीला भेगा पडल्या. पंप थांबले आणि पावसाचा थेंब नसताना दोन्हीकडे पाणी परत आलं. चिकणमातीचं काय ते साहेबांनाच विचार.

वह्या जपून परत आण, त्या निमित्ताने तरी येशील.

तुझी आत्या

ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ते पान बघून मी खुर्चीतून उठलेच. साहेबांनी मात्र पुढची पानं उलटली. पंप थांबल्यावर पाणी नऊवर येऊन थांबलं, आणि तेव्हापासून प्रत्येक उन्हाळ्यात ते नऊवरच आहे. मग उरलेला एक हात गेला कुठे, असं त्यांनी विचारलं. दोरी आटली असेल किंवा बाईंचं मोजण्यात चुकलं असेल, आणि अशी वही खात्यापुढे ठेवली तर आपलंच हसं होईल, असं म्हणाले.

तुला काही आठवतं का? नाही आठवलं तरी सही मी करणार नाही. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

तुझी,
गारगोटी

ता. २२ फेब्रुवारी

चि. गारगोटीस,
अ. उ. आ.

दोरी आटली म्हणे. साहेबांना सांग, दोरी दर वर्षी नवी असते, आणि गाठी मी फूटपट्टीने मारते.

तुझं पत्र वाचून तशीच विहिरीवर गेले. कठड्याचे खालचे दगड काळे, वरचा एक थर पांढुरका. बघता क्षणी सगळं आठवलं. पाणी खोल गेलं तशी मी जास्त वाकून मोजायला लागले होते. तुझ्या आतोबांना ते बघवेना. मी दोन दिवस बहिणीकडे गेले, तेवढ्यात त्यांनी स्वतः एक थर चढवला. मला न विचारता माझ्या विहिरीला हात लावला म्हणून मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्याच रागात वहीत त्या थराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. नव्या काठावरून तशीच दोरी सोडत राहिले. मुलांना जन्मभर सांगितलं की मोजायची जागा बदलली तर आधी ते लिहा, आणि मीच विसरले.

साहेबांना टेप घेऊन पाठव.

तुझी आत्या

ता. १ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, जिंकलो!

परवा साहेबांनी तुझ्याकडे तो थर तीनदा मोजला, तेव्हा तू नुसती हसत उभी होतीस. बरोबर एक हात भरला. काल खात्यापुढे ते स्वतः उठून म्हणाले, चूक आमच्या अंदाजात होती, वहीत नव्हती.

खाण आता नदीपासून दूर, वरच्या खडीच्या जुन्या टेकाडावर जाईल. तिचा तळ पाण्याच्या वर राहणार, एकही पंप लागणार नाही, आणि नदीकाठचा पट्टा जसाच्या तसा राहील. खाण होणार, माझी नोकरीही राहिली. शिवाय परवान्यात एक अट आहे: दर रविवारी तुझ्या विहिरीची नोंद खात्याकडे जाईल, आणि पातळी नेहमीपेक्षा चार बोटं उतरली की त्या दिवशी काम बंद. एवढी मोठी खाण आता तुझ्या दोरीच्या धाकात आहे. नव्या आराखड्यावर मी सही केली, आणि अक्षर जरा मोठंच आलं.

तुझी,
गारगोटी

ता. ८ मार्च, रविवार

चि. गारगोटीस,
अ. उ. आ.

पहिली नोंद पाठवते आहे: दोरी नऊ हात, थराचा एक वजा, पाणी आठ हातांवर. पाणथळ भरलेली आहे, पक्षी सकाळपासून कान किटवत आहेत.

वाकले तेव्हा तो थर बरोबर छातीशी आला. एवढी वर्षं तो मला धरून होता आणि माझ्या लक्षातही आलं नाही. मग तू परत पाठवलेल्या वहीतलं चौदा वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि राहिलेली ओळ लिहिली: आज कठडा एक हात उंच केला. कारण: मोजणारी पडू नये.

तुझ्याइतका जीव मी गुडघ्याला लावत नाही, एकटी काही जायची नाही. ये आणि डॉक्टरकडे ने.

तुझी आत्या