अण्णांची सही आणि मुखत्यारपत्र

तीर्थरूप अण्णा आणि बाईस,

वाळूजहून सत्यमचा नमस्कार. मी बरा आहे, डबा वेळेवर येतो. बाईचा गुडघा कसा आहे? फोन केला की अतुलशेठ तुमच्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहितो.

दोन्ही कागद मी तीनदा वाचले. भागीदारीचा करार ठीक आहे. जागा आपली, दुकानांचे गाळे अतुलशेठ बांधणार, निम्मे आपले. पण सोबतच्या मुखत्यारपत्रात तुमच्या वतीनं जागा विकण्याचा अधिकारही त्यांना दिलेला आहे. शेठ तर म्हणाले होते, "नुसतं परवानग्यांसाठी हाय, वाचायला काय पोथी हाय का?"

काल कंपनीच्या बसमध्ये डोळा लागला. स्वप्नात तुमचा उजवा हात एकटाच सोयगावच्या कचेरीत सह्या करत होता, आणि तुम्ही लिंबाखाली डाव्या हातानं चहा पीत होता. सगळं कसं शांत, पिवळ्या उन्हातलं. जाग आली तेव्हा मला घाम फुटला होता.

सोमवारी सहीआधी विक्रीचं कलम काढायला लावा. तुम्ही शब्द दिलाय, अवघड जाईल, ठाऊक आहे. म्हणून माझं नाव घ्या. "पोरगं लई किरकिरं हाय, ऐकत नाय," असं चारचौघांत खुशाल म्हणा.

तुमचा,
सत्यम