हेर क्रामर खडकीला येण्याआधी

एश्बॉर्न, फ्रँकफुर्टजवळ
रविवार, २६ नोव्हेंबर १९६१

चि. यशवंत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरून पोचलं. बाबांचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. आईची दाढ काढून झाली का? इथे थंडी चांगलीच पडली आहे, बर्फ मात्र अजून नाही. आज इथल्या लोकांचा मृतांच्या स्मरणाचा रविवार. माझ्या घरमालकीणबाई, फ्राउ एबर्ट (पुरुषाला हेर म्हणतात तसं बाईला फ्राउ), सकाळीच हिरव्या डहाळ्यांचे दोन गोल हार घेऊन कबरस्तानात गेल्या. एक नवऱ्यासाठी, एक मुलासाठी. मुलगा युद्धात रशियात पडला, त्यामुळे दगडावर त्याचं नुसतं नाव आहे. जाताना माझ्यासाठी बटाट्याचं सूप शेगडीवर ठेवून गेल्या.

पत्ता बदललेला पाहून तू बुचकळ्यात पडशील. क्रामरांच्या हॉकी क्लबने दिलेली खोली मी सोडली. का, ते पुढे लिहितो.

तू विचारलं आहेस, "हेर क्रामरांनी मला बोलावलंय हे तुला खुपतंय का? स्वतः गेलास, आणि माझी वेळ आली तर तुझ्याकडून एक शब्द नाही." वाचून मला राग आला नाही. तुझ्या जागी मी असतो तर याहून कडू लिहिलं असतं. डिप्लोमाची परीक्षा सोडून तू पासपोर्टच्या मागे लागला आहेस, हे मात्र त्याच पत्रात कळलं. म्हणून आज बसलो आहे. मध्येच उठणार नाही.

क्रामर त्यांची टीम घेऊन खडकीला आले होते तो दिवस तुला आठवतच असेल. मॅचनंतर ते आपल्या घरी आले. बाहेर बूट काढले, पाटावर मांडी घालून बसता येईना तरी बसले, आईचा शिरा दोनदा मागून खाल्ला. शाळेतले श्रीपाद सर मध्ये बसून त्यांचं इंग्रजी बाबांना समजावत होते. "मुलगा इंजिनियर होईपर्यंत त्याची शिष्यवृत्ती आमचा क्लब देईल. तोवर तो माझा." बाबा कारखान्यात साहेबासमोरसुद्धा हात पुढे करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी क्रामरांचा हात दोन्ही हातांत धरला होता.

यशवंत, ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्या क्षणी त्यांना ते खरंच वाटत असावं. पण त्यांना हवा होता आघाडीला खेळणारा लेफ्ट-इन. इंजिनियर हवा होता आपल्याला.

इथे आल्यावर त्यांनी मला त्यांच्याच यंत्रांच्या कारखान्यात लावलं. इंजिनियरिंगला प्रवेश घेण्याआधी काही महिने असं हातांनी काम करावंच लागतं, त्याला प्राक्टिकुम म्हणतात, तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. दिवसा लेथ, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवार मॅच. प्राक्टिकुम संपलं. मी कॉलेजचं विचारलं. क्रामर म्हणाले, "जा, जा, पुढच्या सेमेस्टरला." पुढचं सेमेस्टर आलं तेव्हा आम्ही विभागाच्या फायनलला होतो. "हे बघ, श्रीरंग, आत्ता डोकं खेळात ठेव." फायनल मी जिंकून दिली. लोक "श्री! श्री!" म्हणून ओरडत होते. पेपरात फोटो आला, तो मी तुम्हाला पाठवला. तो खोटा नव्हता. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झालेला नाही, हेही लिहून ठेवतो. असं दोन वर्षं चाललं. इथल्या कॉलेजच्या वर्गात मी एकदाही बसलेलो नाही.

आता गुडघ्याचं.

मागच्या हिवाळ्यात हॉलमध्ये मॅच होती. थंडीत हे लोक लाकडी फरशीवर खेळतात. डावा गुडघा आधीच सुजलेला होता. डॉक्टर नको म्हणाले. क्रामर त्यांच्याशी कोपऱ्यात बोलले, आणि मग डॉक्टरांनीच इंजेक्शन दिलं. मला काही दुखेना. वळताना आतून काहीतरी तुटल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. ऑपरेशन झालं. तेव्हा मी तुम्हाला "फ्लूने पडलो होतो" असं कळवलं.

क्रामर हॉस्पिटलात आले. द्राक्षं आणली होती, उशी नीट केली. बराच वेळ बसले. मग निघता निघता म्हणाले, "तुझ्या धाकट्या भावाचं मनगटही तुझ्यासारखंच आहे ना? मला आठवतंय, अंगणात तो चेंडू खेळवत होता."

मी पायाकडे पाहत पडून राहिलो.

बरा झालो, पण पूर्वीसारखा नाही. जिना चढताना कठडा धरावा लागतो. वसंतात मी क्रामरांच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, आता खेळणं नाही, मला शिकू द्या. ते म्हणाले, "शिष्यवृत्ती खेळाडूंसाठी असते, श्रीरंग. मी तुझ्या वडिलांना म्हणालो होतो, तुला सांभाळीन. सांभाळत नाही का? नोकरी आहे, खोली आहे." आवाज चढवला नाही. कॉफीही मागवली.

ऑगस्टमध्ये त्यांनी मला पुन्हा बोलावलं. जानेवारीत ते हिंदुस्थानात येणार, खडकीलाही येणार. त्याआधी मी तुला लिहावं, इथे सगळं उत्तम आहे असं. "तू लिहिलंस की तुझे वडील विचार करणार नाहीत. दोघं भाऊ एका खोलीत राहा. आणि तुझ्या प्रवेशासाठी मी स्वतः प्रोफेसरांकडे येईन. गेनाऊ, अगदी नक्की, या हिवाळ्यातच."

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. खोलीवर येऊन कागद समोर ओढला. "चि. यशवंत" एवढं लिहिलं. सेमेस्टर डोळ्यांसमोर होतं, वर्गातला बाक डोळ्यांसमोर होता. पुढे एक अक्षर उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणालो, "त्याचा गुडघा गेला तर?"

"त्याचे गुडघे नवे आहेत," क्रामर म्हणाले.

एवढंच. रागाने नाही, चेष्टेने नाही. बाजारात आपण भाजी निवडतो ना, त्या आवाजात. मी म्हणालो, "मी लिहिणार नाही." ते म्हणाले, "मग तुझ्या खोलीची क्लबला गरज पडेल." मी त्याच आठवड्यात बॅग भरली. तुला मग त्यांनी स्वतःच लिहिलेलं दिसतं.

डार्मश्टाटला सुलेखाताई म्हणून पुण्याच्या एक बाई रसायनशास्त्रात डॉक्टरेट करतात. त्यांनी फ्राउ एबर्टकडची ही माळ्यावरची खोली शोधून दिली. दुसऱ्या एका कारखान्यात मी फिटर लागलो आहे. संध्याकाळच्या शाळेत नावही घातलं आहे. पुस्तकांवर डोळे मिटतात, जर्मन व्याकरणाने जीव नकोसा होतो, आणि कॉलेजचं दार अजून लांब आहे. पण या शाळेत मला कोणी माझा पाय कसा आहे असं विचारत नाही.

तू येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ते ठरवणं तुझं. क्रामर घरी आले की चहा दे, नीट बसव. मग बाबांसमोर विचार : "आधी कॉलेजचा प्रवेश, मग तिकीट, असं कराल का? आणि मी खेळू शकलो नाही तरी माझं शिक्षण पुरं कराल का?" ते काय बोलतात त्याकडे फार लक्ष देऊ नकोस. बाबांना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला सांग. आणि काहीही ठरलं तरी डिप्लोमाची परीक्षा दे. हे मी मोठा भाऊ म्हणून सांगतो आहे, विनंती नाही.

आई माझी पत्रं तुझ्याकडून वाचून घेते, हे मला ठाऊक आहे. नको ते गाळून वाचायची तुला सवय आहे, तेही ठाऊक आहे. हे गाळू नकोस. ती स्वयंपाकघरातून मोकळी होऊन बसली की सगळं वाच, गुडघ्यासकट. ती रडेल, तिला रडू दे. बाबा उठून बाहेर जातील. त्यांच्या मागे जा. त्यांनी क्रामरांचा हात धरला यात त्यांची काही चूक नव्हती, हे त्यांना सांगणारं तिथे कोणीतरी हवं. मला इथून ते जमत नाही.

तुझा,
ज्याच्या जागी तुला बोलावलं आहे तो
श्रीरंग