भट्टीला चाकं नाहीत

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच आडवा झालो असं समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? आमची काळजी नसावी. म्हणजे करण्यासारखं बरंच घडलं, पण आता नसावी.

या वयात गाव सोडून परक्या गल्लीत पिझ्झाचं दुकान काढायचं हे खूळ हिचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझं म्हणणं होतं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवरच बरं. चाकांची लोखंडी भट्टी घेऊ, उद्या गाशा गुंडाळायची वेळ आली तर ढकलत नेता येईल. ही म्हणाली, भट्टी विटांचीच हवी. का, ते सांगितलं नाही. गवंड्याने दुकानाच्या मधोमध असं काही धूड उभं केलं, की आता दुकान पाडलं तरच ते बाहेर निघेल.

पहिल्या दिवशी कापायचं काम माझ्याकडे होतं. मी पडलो भूमितीचा मास्तर! शाळा सुटली तरी कोनमापक सुटलेला नाही. पंचेचाळीस अंशांचे आठ तुकडे करायचे म्हणजे करायचे. (त्यात एखाद्या तुकड्यावर ऑलिव्ह जास्त आला, की माझा जीव कासावीस व्हायचा. मग तो चिमट्याने उचलून शेजारी ठेवायचो.) बाहेर रांग वाढत होती आणि आत चीज गार होऊन चामडं होत होतं. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "मास्तर, पिझ्झा कापताय की पेपर तपासताय?" हिने माझ्या हातातलं कातण काढून घेतलं आणि चार फटक्यांत आठ तुकडे पाडले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता आणि एकही परत आला नाही. तेव्हापासून मी टेबलं पुसतो.

तिसऱ्या दिवशी समोरचा लाँड्रीवाला काजळलेली पांढरी चादर नाचवत आला. आमच्या धुराड्याने त्याच्या अकरा चादरींचा सत्यानाश केला होता. दुकान आठवड्यात बंद पाडीन म्हणाला, आणि तो पाडू शकला असता, कारण अख्खी गल्ली त्याच्या शब्दातली. मी मैद्याच्या पोत्यामागे काहीतरी शोधू लागलो. पण ही तीस वर्षं टेलिफोनवर लोकांचा संताप ऐकलेली बाई! त्याचं संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चूक आमची. धुराडं उद्या उंच करते, चादरी आत्ता धुते." आणि खरंच, पदर खोचून त्याच्याच लाँड्रीत जाऊन अकराच्या अकरा चादरी हाताने धुतल्या. नवव्या चादरीला तो स्वतः पिळू लागला. आता इस्त्रीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर तो गिऱ्हाइकाला आमच्याकडे पिटाळतो, आणि रोज संध्याकाळी टेबलं पुरत नाहीत.

दादा, या बाईबरोबर मी इतकी वर्षं संसार केला, पण तिला ओळखलं ते इथे येऊन. अभिमान वाटतो मला तिचा, उगाच लाजू कशाला? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा

ता. क. निघायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला गुपचूप सांगितलं होतं, की आमची मागची खोली कुणाला देऊ नका, सहा महिन्यांत परत यावं लागेल. ती आता खुशाल भाड्याने द्या. मात्र हे हिच्या कानावर जाता कामा नये, जन्मभर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पत्र वाचून फाडा.

आणखी एक ता. क. दादा, हे अक्षर माझं. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं, तेही पाकीट न चिकटवता. खोलीचं मला त्याच संध्याकाळी कळलं होतं; जाऊबाईंच्या पोटात काही राहतं का? म्हणून तर भट्टी विटांची बांधली. यांचं काय, पिशवी उचलली की निघाले. भट्टी उचलून कुठे जाणार?